'गेलतो' म्हणजे 'वेंट': प्रवासातून इंग्रजी शिकवणाऱ्या तालुक्याच्या वर्गाबद्दल

बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीत संध्याकाळी साडेसहा ते आठ हा वर्ग भरतो. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे, म्हणजे एकूण 45 तास. फी 1,500 रुपये, त्यात 64 पानांची झेरॉक्स पुस्तिका धरलेली. धड्यांचं पुस्तक नाही. शिकणारा जिथे खरोखर जाऊन आला, तो प्रवासच धडा. वणीच्या बाजारात जाऊन आलेला बाजाराचा प्रवास सांगतो, शेगावची वारी करून आलेली बाई वारीचा. क्रियापदं आणि शब्द त्यातूनच निघतात.

पद्धत चांगली आहे, आणि का चांगली आहे ते नीट सांगायला हवं, कारण पाटी वाचून अनेकांना हा सहलीचा धंदा वाटतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे बारावी झालेल्या पोराच्या पदरी बारा वर्षांचं इंग्रजी असतं. 'गो, वेंट, गॉन' त्याला पाढ्यासारखं पाठ असतं. पण नागपूरच्या स्टेशनावर कुणी परप्रांतीय माणसाने 'तुम्ही कुठून आलात' एवढं इंग्रजीत विचारलं तर तो गप्प होतो. पाढ्यातलं 'वेंट' कोणत्याच दिवसाला, कोणत्याच रस्त्याला चिकटलेलं नसतं, म्हणून वेळेवर सापडत नाही. शिकणाऱ्याने सांगायचं, शिकवणाऱ्याने लिहून घ्यायचं आणि तेच वाचनाचा पाठ करायचं, ही रीत 1960च्या दशकात अमेरिकेतल्या शाळांत वाचन शिकवण्यासाठी बरीच रुजली. इथे ती एसटीत बसवली आहे, आणि छान बसली आहे.

वर्ग चालतो तो असा. ज्याची पाळी असेल तो आधी आपल्या बोलीत दोन मिनिटं सांगतो. सर मध्ये बोलत नाहीत, फळ्याच्या डाव्या बाजूला फक्त क्रियापदं उतरवतात: निघालो, हात दाखवला, चढलो, जागा धरली, तिकीट काढलं, उतरलो, पोचलो. मग उजव्या बाजूला प्रत्येकासमोर इंग्रजी. सांगणारा फळा बघत तीच गोष्ट इंग्रजीत सांगतो. त्यानंतर सर खालून वर एकेक ओळ पुसत जातात आणि तो दर वेळी पहिल्यापासून सांगतो. सातव्या खेपेला फळा कोरा असतो आणि गोष्ट तोंडात असते. घरी जाऊन तीच आठ-दहा वाक्यांत लिहायची. दुसऱ्या दिवशी शेजारचा विद्यार्थी ती गोष्ट 'ही' किंवा 'शी' लावून सांगतो.

या शेवटच्या पायरीत एक हुशारी आहे. वर्तमानकाळात 'ही' आला की क्रियापदाला 'एस' लागतो आणि तिथेच सगळे अडखळतात. भूतकाळात ती भानगडच नाही: आय वेंट, ही वेंट, दे वेंट. प्रवास झालेला असतो, म्हणून तो भूतकाळातच सांगावा लागतो, म्हणजे सुरुवात आपोआप सोप्या बाजूने होते. अडचण येते प्रश्न विचारताना. 'वेअर डिड यू गॉट ऑफ' असं निम्मा वर्ग विचारतो. 'डिड'ने भूतकाळ उचलला की मागचं क्रियापद मूळ रूपात येतं, 'वेअर डिड यू गेट ऑफ', हे सर पहिल्या आठवड्यातच पक्कं करून घेतात.

फळ्यावरच्या उजव्या बाजूची खरी गंमत म्हणजे ती शब्दकोशातून येत नाही. 'हात दाखवला'चं 'शोड हँड' होत नाही, 'वेव्ह्ड डाउन द बस' किंवा 'फ्लॅग्ड डाउन द बस' होतं. 'एसटीत बसलो' म्हणजे 'गॉट ऑन द बस'. 'सॅट' म्हणजे सीटवर टेकलो. गर्दीच्या गाडीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वाहकाने 'तिकीट फाडलं' याचं 'टोअर' केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल त्याने तुमचं तिकीट फाडून फेकलं. तिथे 'गेव्ह मी अ टिकिट' पुरतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यालाही साधं वाक्य आहे: 'आय सेव्ह्ड अ सीट फॉर माय मदर.' 'सेव्ह' म्हणजे वाचवणं किंवा फोनमध्ये साठवणं एवढंच ठाऊक असलेल्यांना हा अर्थ नवा असतो, आणि एकदा रुमालाशी जोडला गेला की पुसला जात नाही.

दुसऱ्या आठवड्यातला एक अख्खा तास 'लागणे' या एका क्रियापदाला दिलेला आहे. सबंध वर्गातला हा सगळ्यात चांगला तास. आपण प्रवास सांगताना हा शब्द किती ठिकाणी टाकतो याचा हिशेब नसतो. दोन तास लागले: 'इट टुक टू अवर्स.' शंभर रुपये लागले: 'इट कॉस्ट अ हंड्रेड रुपीज', आणि इथे 'टुक' चालत नाही. वेळेला 'टेक', पैशाला 'कॉस्ट', आणि 'कॉस्ट'चं भूतकाळी रूप 'कॉस्ट'च. भूक लागली: 'आय गॉट हंग्री.' पाऊस लागला: 'वी गॉट कॉट इन द रेन.' डोळा लागला: 'आय डोझ्ड ऑफ.' पुढे फाटा लागतो: 'यू कम टु अ टर्निंग.' घाटात गाडी लागते: 'आय गेट कारसिक.' आणि मे महिन्यात आपल्याकडे कुणालाही चुकत नाही ते ऊन लागणं: 'ही गॉट हीटस्ट्रोक.' फळ्यावर डावीकडे एकच शब्द आणि उजवीकडे आठ वाक्यं उभी राहिली की एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द ही समजूत तिथेच मोडते. ती मोडल्याशिवाय पुढे काही शिकता येत नाही.

'सुटणे'चंही तसंच. एसटी सहाला सुटली, 'द बस लेफ्ट ॲट सिक्स'. माझी एसटी सुटली, 'आय मिस्ड द बस'. मराठीत दोन्हीकडे कर्ता एसटीच. इंग्रजीत दुसऱ्या वाक्यात कर्ता तुम्ही. यावरून सरांनी एक ठोकताळा दिला आहे: मराठी वाक्य 'मला'ने सुरू होत असेल तर इंग्रजीत बहुधा 'आय' येतो. मला उशीर झाला, 'आय वॉज लेट'. मला ओळखीचे भेटले, 'आय मेट समवन आय न्यू'. अपवाद आहेतच, 'मला दोन तास लागले'चं 'इट टुक मी टू अवर्स' होतं. पण 'लेट हॅपन्ड टु मी' म्हणणाऱ्याला हा ठोकताळा वाचवतो.

आता काळाकडे. प्रवासातून शिकवण्याचा सगळ्यात मोठा फायदा आणि सगळ्यात मोठा धोका, दोन्ही इथेच आहेत.

'काल कोठी गेलत्या ताई?' 'आर्वीले गेलती मावशीकडे.' या उत्तराचं भाषांतर वर्गातले दहापैकी आठ जण 'आय हॅड गॉन टु आर्वी' असं करतात. शाळेत 'होतो, होती' म्हणजे 'हॅड' असं पाठ करून घेतलेलं असतं. पण मराठीतलं 'गेलो होतो' वेगळं सांगतं: गेलो, आणि परतही आलो. नुसतं 'काल आर्वीला गेलो' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पुढे काहीतरी यायचं आहे. म्हणून आपण 'होतो' लावून वाक्य मिटवतो. इंग्रजीला ते मिटवणं लागत नाही. 'येस्टरडे' आला, 'आय वेंट' आलं, संपलं. 'गेलतो' म्हणजे 'वेंट' हे फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सहा आठवडे पुसलं जात नाही, आणि ते योग्यच आहे.

मग 'हॅड' कधी? दोन घटना असतील आणि त्यातली आधीची सांगायची असेल तेव्हा. प्रत्येक प्रवाशाकडे याचं एक तरी उदाहरण असतं: आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी निघून गेली होती. 'वेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' आधी एसटी गेली, मग आपण पोचलो. हे एक वाक्य व्याकरणाच्या चार पानांवर भारी आहे. तिसरा धागाही सरांनी बरोबर पकडला आहे. चिखलदऱ्याला कधी गेलात का, याला 'हॅव यू एव्हर बीन टु चिखलदरा'. तिथे 'शी हॅज गॉन टु चिखलदरा' म्हटलं तर ती अजून तिथेच आहे, परतलेली नाही.

वऱ्हाडी बोलीचा इथे जो मान राखला जातो, त्यासाठी या वर्गाला वेगळे गुण द्यायला हवेत. 'मी जाऊन राहिलो' म्हटलं की शाळेत पोरांना टोकतात. इथे तेच वाक्य हत्यार म्हणून वापरलं जातं. पुस्तकी मराठीतलं 'मी जातो' दोन्हीकडे चालतं, आत्ता जातो आणि रोज जातो. आपल्या बोलीत आत्ताच्या क्रियेला वेगळं रूप तयार आहे: जाऊन राहिलो, 'आय ॲम गोइंग'. पाऊस येऊन राहिला, 'इट इज रेनिंग'. एसटी येऊन राहिली, 'द बस इज कमिंग'. 'आयएनजी' कुठे लावायचा हे इकडच्या पोराला कानानेच कळतं. फक्त एका जागी पाय घसरतो. आपण 'मले समजून राहिलं' असंही म्हणतो, आणि त्याचं 'आय ॲम अंडरस्टँडिंग' होतं. कळणं, माहीत असणं, हवं असणं, आवडणं या मनाच्या अवस्था आहेत. अंडरस्टँड, नो, वाँट, लाइक यांना साध्या बोलण्यात 'आयएनजी' लावत नाहीत. पुस्तिकेत अशा फक्त सहा क्रियापदांची यादी आहे, निदान पंधरा हवीत.

चौथ्या आठवड्यात एक रविवार सेवाग्रामची सहल असते, खर्च ज्याचा त्याचा. आश्रमात नेण्यामागे विचार आहे. तिथे मराठीत सांगताना '-यचे' सतत येतं: बापू इथे बसायचे, इथे प्रार्थना व्हायची. या '-यचे'ला इंग्रजीत 'यूज्ड टु' आहे, 'बापू यूज्ड टु सिट हिअर', आणि बोलताना त्यातला 'ड' ऐकूच येत नाही, 'यूस्टु' असं एका दमात म्हणायचं असतं. गांधीजी इथे 1936 मध्ये राहायला आले, 'केम टु लिव्ह हिअर'. गावाचं नाव तेव्हा सेगाव होतं. शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकायचं, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं: 'द व्हिलेज वॉज कॉल्ड सेगाव. इट वॉज रीनेम्ड इन 1940.' कर्मणी प्रयोग असा खऱ्या गावावर शिकवला की 'राम इटस् मँगो, मँगो इज ईटन बाय राम'ची गरज उरत नाही. सहलीला जाताना प्रत्येकाच्या हातात बारा कामांचं कार्ड असतं. फलक वाचा आणि तीन क्रियापदं उतरवा, तिकिटाचे किती पडले लिहा, आश्रमात एकाला इंग्रजीत एक प्रश्न विचारा, असं. मागच्या तुकडीच्या कार्डांवर बाकीची कामं बहुतेकांनी पुरी केली होती, प्रश्न विचारण्याचं काम बहुतेकांनी सोडलं होतं. ते एकट्याने जमत नाही. जोड्या लावून दिल्या तर जमेल.

शब्दसंग्रहाचा भाग थोडक्यात. भाडं या एका शब्दाचे तीन: एसटीचं 'फेअर', खोलीचं 'रेंट', ट्रॅक्टर आणला तर 'हायर चार्ज'. 'अ ट्रॅव्हल' म्हणत नाहीत, 'अ ट्रिप' किंवा 'अ जर्नी'. 'लगेज' आणि 'सीनरी' यांचं अनेकवचन होत नाही, पिशव्या चार असल्या तरी 'लगेज'च. काळीपिवळीला 'शेअर्ड जीप'. एवढं नीट शिकवलं जातं.

आता जे बिघडतं ते.

पहिली गोष्ट उच्चार. भूतकाळाच्या 'ईडी'चे तीन उच्चार आहेत. स्टॉप, वॉक, लुक यांच्यामागे 'ट': स्टॉप्ट, वॉक्ट, लुक्ट. रेन, ट्रॅव्हल यांच्यामागे 'ड': रेन्ड, ट्रॅव्हल्ड. आणि क्रियापदाचा शेवटच 'ट' किंवा 'ड' असेल, तेव्हाच वेगळं 'एड' ऐकू येतं: वेटेड, स्टार्टेड, व्हिझिटेड, नीडेड. पुस्तिकेत देवनागरी उच्चार दिले आहेत, त्यात 'वॉकेड', 'स्टॉपेड', 'आस्केड' असं छापलेलं आहे. वर्गात तेच म्हटलं जातं आणि कुणी थांबवत नाही. प्रवास सांगताना दर दुसऱ्या वाक्यात 'ईडी' येतो, त्यामुळे ही एक चूक सगळ्या बोलण्यावर पसरते. दुरुस्ती फार सोपी आहे, पुस्तिकेचं एक पान बदलायचं.

त्याच पुस्तिकेत 'रीच्ड टु नागपूर' आणि 'रिटर्न्ड बॅक' आहे. 'रीच'मागे 'टु' येत नाही, 'रीच्ड नागपूर' किंवा 'अराइव्ह्ड इन नागपूर' म्हणावं. 'रिटर्न'मध्ये परत येणं आलंच, 'बॅक' जास्तीचं. बसमधून उतरण्याला 'गेट डाउन' दिलं आहे. भारतात ते सगळ्यांना कळतं, त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण जोडीला 'गेट ऑफ' दिलं पाहिजे. आणि कारमधून उतरण्याला 'गेट आउट ऑफ' लागतं, हे तर कुठेच नाही. शेवटच्या बारा पानांत 160 क्रियापदांचा तक्ता आहे, तोही 'ए' पासून 'झेड'पर्यंत. सगळी पद्धत ज्या पाढ्याच्या विरोधात उभी आहे, तोच पाढा मागच्या दाराने आत आला आहे. हीच क्रियापदं घर सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या क्रमाने लावली असती तर तक्ता वाचण्याजोगा झाला असता.

दुसरी अडचण उजळणीची. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बहुतेक पहिल्या दिवसातच गळतं आणि नंतर गळती मंदावते. इथे सोमवारचा प्रवास मंगळवारी एकदा म्हटला जातो, पुन्हा कधीच निघत नाही. शिकणाऱ्याने हे स्वतःच सांभाळावं. गोष्ट तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तीन आठवड्यांनी फोनच्या रेकॉर्डरवर पुन्हा सांगावी, वही न बघता. अडलेलं क्रियापद मार्जिनमध्ये लाल पेनाने लिहावं. तीन आठवड्यांनी जी लाल राहतात, तीच खरी शिकायची असतात.

तिसरी, आणि खेड्यावरून येणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठी, वेळेची. आसपासच्या गावांकडे जाणारी शेवटची एसटी साडेसातला सुटते. वर्ग आठपर्यंत. फळा पुसत पुसत गोष्ट म्हणण्याची पायरी नेमकी साडेसातनंतर येते, म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते सर्वांत कामाचा अर्धा तास रोज गमावतात. मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मुलींचं येणं परवडायला लागलं, पण अर्ध्या तिकिटाला एसटी तर असायला हवी. सकाळी आठ ते साडेनऊ अशी तुकडी सुरू करण्याबद्दल सरांशी बोलणं झालं आहे, जागेचा प्रश्न सुटला तर ते तयार आहेत.

तुकडीत या वेळी 34 जण आहेत. एका दिवसात नीट तीन गोष्टी होतात, फार तर चार. म्हणजे सहा आठवड्यांत प्रत्येकाची पाळी जेमतेम तीनदा येते. वीसच्या आत तुकडी असेल तेव्हाच पैसे पूर्ण वसूल होतात. ज्याला स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी हवं आहे त्याने इथे येऊ नये, निबंध आणि उतारे इथे होत नाहीत. ज्याला नागपूर-पुण्याला कामाला जायचं आहे, दवाखान्यात किंवा बँकेत चार वाक्यं बोलायची आहेत, ज्या ताईंना पोरांच्या शाळेत सभेला बोलायचं आहे, त्यांनी जरूर यावं.

नाव घालण्याआधी एक दिवस फुकट बसू देतात, तो मंगळवार ते शुक्रवार यांतला घ्यावा, कारण सोमवारी बराच वेळ हजेरी आणि फीचं काम चालतं. जाताना दोनशे पानी आडव्या रेघांची वही न्यावी. डावं पान बोलीसाठी, उजवं इंग्रजीसाठी, आणि पहिली चार पानं 'लागणे'साठी कोरी ठेवावीत, ती भरतात.